बनासचं पाणी

१० मे २०२४, शुक्रवार. अक्षय्य तृतीया

सकाळी घागर भरली. वर्ध्याला आई करायची तसंच सगळं: गव्हाच्या राशीवर मातीची नवी घागर, पाण्यात वाळा, वर आंबा, पितरांच्या नावाने गंध-फूल. घागर आणली ती इथल्या, जयपुरातल्या सोडाल्याच्या बाजारातून. कुंभारीण प्रत्येक मडकं टिचकीने वाजवून देत होती. दुपारी घागर कोपऱ्यावरच्या प्याऊला नेऊन दिली. अजमेर रोडवर या दिवसांत अशा बऱ्याच प्याऊ लागतात. बांबूच्या आडोशाखाली माठ, एक म्हातारी आणि लांब नळीचा तांब्या. विचारपूस नाही, पैसे नाहीत. ओंजळ पुढे केली की पाणी मिळतं.

खालच्या मजल्यावरच्या माँजींनी आज कडुलिंबाला परिंडा, पाखरांसाठी पाण्याचं पसरट भांडं, बांधला. चिमण्या, कबुतरं आणि दुपारी खारी. "बाईसा, पहिलं पाणी पाखरांचं," म्हणाल्या. पहिली पोळी गायीची, पहिलं पाणी पाखरांचं. या वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या प्रदेशात पाणी असं क्रमाने वाटलं जात आलंय, आणि त्या क्रमात माणूस पहिला नाही.

पितरांना ज्या पाण्याची घागर दिली ते पाणी मात्र सोडाल्याचं नाही, जयपूरचंही नाही. ते बनास नदीचं. टोंक जिल्ह्यात देवळीजवळ बिसलपूर धरण आहे, तिथून सूरजपुऱ्याला येऊन ते शुद्ध होतं, मग मोठ्या नळांतून सांगानेरजवळच्या बालावाल्याला आणि तिथून शहरात. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. इथले पेपर रोज धरणाची पातळी छापतात. ३१५.५० मीटरला ते भरतं, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे.

१४ मे, मंगळवार

सप्लाई सकाळी तासभर येते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांत नळ चांगला वाहतो, आमच्याकडे करंगळीएवढी धार आणि गल्लीच्या शेवटच्या घरात नुसता फुस्स आवाज. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्य नळाला थेट टुल्लू पंप लावून अर्धी गल्ली पाणी ओढून घेते. सप्लाई सुरू झाली की पंपांची गुणगुण ऐकू येते.

यात अन्याय आहेच, पण त्याहून वाईट एक गोष्ट आहे. पंप ओढायला लागला की नळाच्या आतला दाब उलटा होतो. नळ जुने, सांधे झिजलेले, शेजारून गटाराची वाहिनी गेलेली. बाहेरची ओल मग फटींतून आत खेचली जाते. म्हणजे ज्याने पंप लावला तो शेजाऱ्याचं पाणी तर पळवतोच, शिवाय स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही घरात घाण बोलावतो. पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीत जुलाब-काविळीचे पेशंट निघतात तेव्हा सगळे हवेला दोष देतात.

आज शेवटच्या घरातल्या सूनबाईंशी बोलले. दोन लहान मुलं, नवरा ऑटो चालवतो. टँकर मागवायचा तर चार घरांनी मिळून मागवावा लागतो. "भाभीजी, पंप आम्हीपण लावू शकतो. मग पुढे कोण उरणार?" ती म्हणाली. हा प्रश्न मी माझ्या वहीत तसाच लिहून ठेवते आहे. मी नळ बंद ठेवून भांडी घासते, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते, हे सगळं खरं आणि करण्यासारखंच. पण माझ्या घरात वाचलेलं पाणी वरच्या पंपाने ओढून कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाकीतून ओसंडून जाणार असेल तर माझ्या काटकसरीने शेवटच्या घराला काय मिळालं? पाणी वाचवायचं ते गल्लीने मिळून वाचवायला हवं.

२६ मे, रविवार

काल फलोदीला ५० अंश तापमान नोंदवलं गेलं. इथेही दुपारी बाहेर बघवत नाही. कडुलिंबाची पानं चुरगाळल्यासारखी झालीत. कूलरला दिवसभर पाणी लागतं. खसच्या ताट्यांचा वास घरभर आहे, तो मात्र मला आवडतो.

ह्यांनी आज टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, मीटर आणलं. आम्ही या घरात आल्यापासून आरओ आहे, कारण घरमालकाने तो आधीच बसवला होता. मी त्याच्या मागच्या पांढऱ्या बारीक नळीचं तोंड सिंकमधून काढून बादलीत सोडलं. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी भरेपर्यंत बादली काठोकाठ. घरगुती आरओ एक लिटर गोड पाण्यासाठी साधारण तीन लिटर बाहेर टाकतो, हे वाचलं होतं. डोळ्यांसमोर बादली भरताना बघणं निराळं. मग नळाचं पाणी मीटरने मोजलं. ५००च्या बरंच खाली निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही हाच आकडा धरून सांगितलं होतं की त्याखालच्या पाण्याला आरओची गरज नाही. बनासचं पाणी मुळात गोड आहे. त्याला भीती आहे ती वाटेत मिसळणाऱ्या जंतूंची, क्षारांची नव्हे, आणि जंतूंसाठी उकळणं पुरेसं आहे.

सगळ्यांनी आरओ काढून टाका असं मी म्हणणार नाही. माँजींच्या बहिणीकडे बोअरचं पाणी आहे, इतकं जड की डाळ शिजत नाही, चहा फाटल्यासारखा दिसतो. राजस्थानात भूजलात फ्लोराइड आणि नायट्रेटही निघतं. तिथे यंत्र लागणारच. पण मोजून बघितल्याशिवाय, शेजाऱ्याकडे आहे म्हणून सव्वाशे किलोमीटरवरून आलेल्या पाण्यातलं तीन चतुर्थांश गटारात सोडणं मला पटत नाही.

आजपासून आमचा आरओ बंद. पातेलं, झाकण, आणि गार झालं की माठात. बादलीतलं पाणी फरशीला आणि संडासाला वापरलं. कूलरला ते घालू नये, जाळ्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो.

१३ जून, गुरुवार

संध्याकाळी हातगाडीवर खरबुजं आली होती. गाडीवाला टोंककडचा, वयस्कर. टोंकची खरबुजं बनासच्या वाळूत पिकलेली, म्हणून गोड, अशी त्यांची जुनी ख्याती. मी सहज विचारलं, अजून नदीतच लावता का? तो म्हणाला, नदीत पाणी राहिलं तर लावू. धरण झाल्यापासून खाली वाळूच उरली, आणि आता वाळूही ट्रकात भरून जाते. "आमचं पाणी तुमच्याकडे येतं, म्हणून खरबूजपण तुमच्याकडेच घेऊन आलो." तो रागाने बोलला नाही, खरबुजाला हात लावून, वास घेऊन मला एक निवडून दिलं.

आजची तारीख त्याच्या लक्षात होती. १३ जून २००५ला जयपूर–टोंक रस्त्यावरच्या सोहेला इथे बिसलपूरच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली. धरण त्यांच्या जिल्ह्यात, पाणी मात्र जयपूर-अजमेरच्या नळांना जाणार, ही त्यांची तक्रार होती. चार वर्षांनी, २००९मध्ये, जयपूरला बिसलपूरचं पाणी सुरू झालं.

मी या शहरात आले तेव्हा पाणी येत होतंच. ते कसं आलं हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, जसं मुंबईत तानसा-वैतरणेचं कुणी विचारत नाही. शहाण्यासुरत्या घरांतसुद्धा पाण्याचं बिल माहीत असतं, नदी माहीत नसते. पाणी बचतीच्या पत्रकांत "ब्रश करताना नळ बंद ठेवा" असं लिहिलेलं असतं. त्यात सोहेल्याचं नाव एकदा लिहावं. मग नळ बंद ठेवायला चित्र-घोषवाक्य लागणार नाही.

७ जुलै, रविवार

पहाटे सुशीलपुऱ्याच्या पुलियापर्यंत चालून आले. खालून द्रव्यवती वाहते. इथली बहुतेक माणसं तिला अजून अमानीशाह नालाच म्हणतात. नाहरगढच्या डोंगरांत उगम, मग शहराच्या पश्चिम अंगाने, सोडाल्याला चाटून, सांगानेरहून पुढे ढूंढ नदीला. एकूण ४७.५ किलोमीटर. २०१६मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचं मोठं काम काढलं, ऑक्टोबर २०१८मध्ये पहिला टप्पा खुला झाला. काठाने फरसबंदी, झाडं, चालायची वाट, सांडपाणी शुद्ध करणारी पाच केंद्रं. हे सगळं झालं म्हणून मी इथे पहाटे चालू शकते, हे मान्य करायलाच हवं. पण नदीचा तळ आणि काठ काँक्रीटचा केला. नदीच्या पोटातून जमिनीत जे पाणी मुरायचं ते आता कुठे मुरणार? आणि शुद्धीकरण केंद्रापर्यंत न पोचणारे लहान-मोठे नाले अजून थेट आत येतातच. आज पुलावर उभी होते तर फेसाचे गोळे तरंगत होते, आणि त्यांच्यातून एक टिटवी काठाकाठाने चालली होती.

माँजींना सांगितलं तर त्यांनी १९८१च्या जुलैचा पूर काढला. तेव्हा हा नाला असा फुगला होता की काठची माती घरांसकट गेली. आणि मग एक गोष्ट सांगितली जी मी नंतर वाचूनही पाहिली. महाराजा सवाई रामसिंगांच्या काळात, १८७०च्या दशकात, जयपूरला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं ते याच अमानीशाहचं. बांध घालून, वाफेच्या पंपाने चढवून. ज्या पाण्यावर आज नाक धरून पूल ओलांडतात ते कधी राजधानी पीत होती.

मग रामगढ. बाणगंगेवरचं ते धरण १८९७मध्ये हाती घेतलं, १९०३मध्ये पुरं झालं आणि १९३१पासून शहर त्याचं पाणी पिऊ लागलं. १९८२च्या एशियाडमधल्या नौकाशर्यती त्या तलावात झाल्या, इतकं पाणी होतं. आज तिथे तळ भेगाळलेला आहे. पाणलोटात बांधकामं झाली, ओढ्यांच्या वाटा अडल्या, वर लहान बंधारे झाले. २०११मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तरी पाणी परतलं नाही. मग बिसलपूर.

नाला उशाशी होता. रामगढ तीसेक किलोमीटर. बिसलपूर सव्वाशे. एक पाणवठा नासवायचा आणि पुढच्या नदीकडे पाइप टाकायचा, हे या शहराने दीडशे वर्षं केलंय. नागपूर-पुण्यानेही काही वेगळं केलेलं नाही, पण मी राहते इथे, म्हणून हिशेब इथला मांडायचा.

८ ऑगस्ट, गुरुवार

काल तीज झाली. घेवर अजून डब्यात आहेत. रात्रभर पाऊस. पहाटे गच्चीवर गेले तर पन्हळीतून पाणी नुसतं कोसळत होतं, थेट रस्त्यावर. रस्त्यावर गुडघाभर, त्यात कचऱ्याच्या पिशव्या. कचऱ्याची गाडी, हूपर, आली नाही, येऊच शकली नाही. नऊ वाजता नळाला मात्र धार नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून शेवटच्या घरातल्या सूनबाईंनी टँकरवाल्याला फोन लावला.

बसून हिशेब केला. जयपूरला वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमची गच्ची साधारण शंभर चौरस मीटर. म्हणजे साठ हजार लिटर पाणी आकाशातून सरळ आमच्या डोक्यावर येतं. पहिल्या सरीची घाण, उडून-सांडून जाणारं वजा केलं तरी पंचेचाळीस हजार. पाच हजारांचा टँकर धरला तर नऊ टँकर. ते आम्ही पन्हळीतून रस्त्यावर सोडतो, रस्ता ते नाल्याला देतो आणि नाला आपला काँक्रीटचा तळ घासत सांगानेरकडे नेतो.

जयगढचं पावसाच्या पाण्याचं टांकं पाहिलंय. किल्ल्याच्या डोंगरावर नदी नाही, विहीर नाही. म्हणून आजूबाजूच्या उतारांवरचं पाणी पाटांनी वळवून किल्ल्यात आणलं. वाटेत गाळ बसायला खड्डे, मग झाकलेलं टांकं. पहिल्या सरीचं पाणी आत घ्यायचं नाही हे तेव्हाही ठरलेलं. जुन्या हवेल्यांत अंगणाखाली अशीच टाकी असायची. अनुपम मिश्रांनी 'राजस्थान की रजत बूंदें'मध्ये टांकी, कुंई, बेऱ्या यांची जी बांधणी टिपली आहे, ती वाचताना कळतं की या माणसांनी पाऊस कमी पडतो म्हणून रडगाणं गायलं नाही, पडतो तो मोजला.

दुपारी घरमालकांशी पावसाचं पाणी साठवायच्या टाकीबद्दल बोलले. त्यांचं म्हणणं, भाडेकरूने टाकीत पैसे का घालावेत? मी म्हटलं, पाणी आम्ही पितो म्हणून. विचार करतो म्हणाले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बिसलपूर भरलं. पूजा करून आज दरवाजे उघडले, दोन वर्षांनी. गल्लीत पेढे वाटायचे बाकी होते, इतका आनंद. मलाही झाला. बनासच्या खालच्या पात्रात काही दिवस तरी पाणी जाईल, त्या खरबूजवाल्याच्या गावाजवळून जाईल, हेही मनात आलं.

दुपारी लगेच समोरच्या घरात पाइप लावून गाडी धुणं सुरू झालं. "अब तो बांध फुल है." धरण फुल म्हणजे जयपूर, अजमेर, टोंक आणि तिथली शेतं यांचं मिळून. गाडी धुणाऱ्यांना हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाइप बंद केला. भांडण झालं नाही.

संध्याकाळी गणपती आणला. शाडू इथे सहज मिळत नाही. ज्या कुंभारणीकडून अक्षय्य तृतीयेला घागर घेतली तिच्याकडूनच तळ्याची चिकणमाती घेतली आणि आम्ही दोघांनी घरीच मूर्ती केली. सोंड दोनदा गळून पडली, तिसऱ्यांदा आत काडी घातली. रंग फक्त गेरू आणि हळद.

१७ सप्टेंबर, मंगळवार. अनंत चतुर्दशी

घमेल्यात विसर्जन. दुर्वांवरून हात सोडला आणि पाहत बसलो. आधी पायाची बोटं विरली, मग उंदीर, मग पोटाला बारीक चीर गेली आणि बुडबुडे आले. सुकलेली माती पाणी पिते तेव्हा अगदी हलका चुरचुर आवाज येतो. तासाभरात घमेल्यात गेरूच्या रंगाचा गाळ उरला. काडी मात्र तशीच वर आली. पुढच्या वर्षी काडीऐवजी दर्भ घालायचा, म्हणजे तोही कुजेल. गाळ माँजींच्या कडुलिंबाला घातला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०च्या सुधारित सूचनांत प्लास्टरच्या मूर्ती नकोत असं स्पष्ट म्हटलंय. तरी बाजार त्यांनीच भरलेला असतो, कारण त्या हलक्या, चकचकीत आणि स्वस्त. कुंभारणीला मी विचारलं, पुढच्या वर्षी पन्नास मूर्ती मातीच्या केल्या तर? ती म्हणाली, आगाऊ सांगा, करते. इथल्या मराठी घरांत मी नावं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सांगानेरला गेले, हातकागद पाहायला. तिथे खादी ग्रामोद्योग आयोगाची हातकागदाची संस्था आहे, जे. सी. कुमारप्पांच्या नावाने. वर्ध्याच्या माणसाला हे नाव दिसलं की पाय थांबतात. १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तो मगनवाडीत, आणि कुमारप्पा तिथेच राहून काम करत. आमच्या शाळेची सहल मगन संग्रहालयात जायची, तिथे हातकागदाचा खरखरीत तुकडा बोटांनी चाचपायला मिळायचा.

सांगानेरचे कागझी शतकानुशतकं हे काम करतात. बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतली पांढरी कतरण आणायची, कुटून लगदा करायचा, पाण्याच्या हौदात सोडायचा आणि जाळीची चौकट बुडवून सावकाश वर उचलायची. एकही झाड नाही. हौदातलं पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं. एका कारागिराने चौकट उचलताना हाताला एकच झटका दिला आणि लगदा जाळीभर सारखा पसरला.

याच सांगानेरात छपाईचे कारखाने आहेत, आणि रंगाचं पाणी वर्षानुवर्षं द्रव्यवतीत जात आलंय. या नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकतो आणि शहराच्या बाजारात येतो. पालकाची जुडी घेताना मी आता विचारते कुठली आहे. खरं उत्तर दर वेळी मिळेल असं नाही, पण विचारलं की विकणाऱ्याला कळतं, गिऱ्हाइकाला याची पर्वा आहे.

परतताना एक गोष्ट लक्षात आली. बालावालाही याच तालुक्यात. म्हणजे बिसलपूरचं स्वच्छ पाणी शहरात शिरतं ते सांगानेरच्या बाजूने, आणि आमच्या न्हाणीघरांतून निघालेलं बाहेर पडतं तेही सांगानेरच्याच बाजूने. इथल्या माणसाला शहराचं येणारं आणि जाणारं पाणी दोन्ही दिसतं. आम्ही सोडाल्याची माणसं मधे राहतो, आम्हाला फक्त नळ दिसतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

आज जयपूरजवळच्या दादियाला पंतप्रधानांची मोठी सभा झाली. पार्वती–कालीसिंध–चंबळ जोडप्रकल्पाची पायाभरणी. तीन नद्यांचं पाणी एका कलशात ओतलं. कालीसिंधवरच्या नवनेऱ्यापासून पाणी उचलून बिसलपूरला आणायचं, असा त्यात एक भाग आहे. पूर्व राजस्थानातल्या कोरड्या जिल्ह्यांना पाणी मिळणार असेल तर ते मिळायलाच हवं, त्यांनी पुष्कळ सोसलंय. पण जयपूरने या पाण्याकडे हक्काने हात पुढे करण्याआधी अमानीशाह आणि रामगढचं काय केलं ते एकदा जाहीर सांगावं. चंबळेच्या काठीही खरबुजं लावणारी माणसं असतील.

संध्याकाळी घरमालक स्वतःहून वर आले. टाकीचा खर्च निम्मा-निम्मा करायला तयार आहेत, पण अंगणातला कडुलिंब तोडायचा नाही ही अट. माँजींनी ती त्यांना आधीच घातली होती. गवंडी म्हणाला, झाडाच्या मुळांपासून सहा फूट सोडून पश्चिमेला खणू, पन्हळही तिथेच उतरते. पहिल्या सरीचं पाणी बाहेर जायला वेगळी तोटी आणि आत गाळ बसायला छोटा कप्पा, हे मी कागदावर काढून दिलं. शेवटच्या घरातल्या सूनबाईंनी विचारलं, टाकीला बाहेरून एक नळ ठेवाल का? ठेवायचा, असं ठरलं. होळीनंतर काम सुरू.